चॉकलेट-पुदिन्याची थरांची वडी : करायची कशी आणि विकायची केव्हा



दिवाळी झाली की दरवर्षी गटांच्या बैठकीत एकच विषय निघतो. फराळाच्या ऑर्डरी संपल्या, आता पुढे काय? या वेळी तीन-चार गटांनी उत्तरही सोबतच आणलं. मोबाईलवर बघितलेलं तीन थरांचं चॉकलेट. खाली-वर काळा थर, मध्ये पांढरा नाहीतर पोपटी थर, आणि तोंडात टाकलं की गार लागतं. ताई विचारतात, "हे आपल्याला जमेल का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "ह्याला कर्ज मिळेल का?"

पहिल्याचं उत्तर हो. जिला खोबऱ्याची वडी जमते तिला हे जमतं. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, त्यासाठी आधी हिशेब मांडावा लागेल. तो पुढे मांडलाय. पण आधी पदार्थ नीट समजून घेऊ, कारण ह्यात नुकसान होतं ते अवघड काम असल्यामुळे नाही, सोपं आहे म्हणून घाई केल्यामुळे होतं.

ही वडी मूळची आपली नाही. अमेरिकेत शिकागो शहरात १९२१ साली अँडीज नावाचं चॉकलेटचं दुकान निघालं. त्यांनी १९५० साली अशी तीन थरांची, मध्ये हिरवा पुदिना असलेली छोटी चॉकलेटं काढली. तिकडच्या हॉटेलांत जेवण झालं की बिलाबरोबर ती ठेवतात. म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर बडीशेप किंवा विडा देतात ना, तसलाच प्रकार. तोंड स्वच्छ वाटावं, जेवण जड झालं असेल तर बरं वाटावं, यासाठी. म्हणून तुकडा लहान असतो. आपणही लहानच ठेवायचा. मोठी वडी केली तर पुदिना डोक्यात जातो आणि खाणारी अर्धी वडी बाजूला ठेवते.

कंपाऊंड म्हणजे काय

तालुक्याच्या बेकरी सामानाच्या दुकानात जी चॉकलेटची अर्धा किलोची पाटी मिळते, तिला कंपाऊंड म्हणतात. डार्क, मिल्क आणि व्हाईट असे तीन प्रकार असतात. हे खरं चॉकलेट नव्हे. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांतून निघालेलं लोणी असतं, त्याला कोको बटर म्हणतात. कंपाऊंडमध्ये त्याच्या जागी पामसारखं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. म्हणून ते स्वस्त पडतं.

स्वस्त आहे म्हणून नाक मुरडू नका. आपल्या कामाला ते सोयीचंही आहे. खरं चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं तर नीट घट्ट होत नाही, त्यावर पांढरे डाग पडतात. त्याला आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, मग २७-२८ पर्यंत थंड करायचं, मग परत ३१-३२ वर आणायचं, एवढे सोपस्कार असतात. एक-दोन अंश इकडेतिकडे झाले की परत पहिल्यापासून. कंपाऊंडला यातलं काही लागत नाही. वितळवा, ओता, घट्ट होऊ द्या.

फक्त एक करू नका. अर्धं कंपाऊंड आणि अर्धं खरं चॉकलेट असं मिसळू नका. "चव वाढेल" म्हणून काही जणी तसं करतात. दोघांतली स्निग्धता वेगवेगळी असते, ती एकमेकींत जमत नाही, आणि वडी मऊ राहते.

पाटी घेताना पाकिटावरची तारीख बघा. आणि दुकानदाराला विचारा की माल कुठे ठेवला होता. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर वितळून परत गोठलेली पाटी वरून पांढरट झालेली दिसते. ती खाल्ली तर त्रास होत नाही, पण विकायच्या मालाला घेऊ नका.

पुदिना, पण बागेतला नाही

परसात पुदिना आहे, तोच वाटून घालू, असं बहुतेक जणींच्या मनात येतं. नाही चालत. पानात पाणी असतं, आणि ह्या पदार्थाचं पाण्याशी वैर आहे. शिवाय वाटलेला पुदिना चटणीची आठवण करून देतो, गार लागत नाही.

गार लागतं ते मेंथॉलमुळे. पुदिन्याच्या काही जातींच्या तेलात ते भरपूर असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या भागात अशा पुदिन्याची मोठी शेती होते. पाला वाफेवर तापवून त्याचं तेल काढतात. गंमत अशी की मेंथॉलनं तोंड खरं थंड होत नाहीच. जिभेत गारवा ओळखणाऱ्या ज्या नसा आहेत, त्यांना ते चाळवतं आणि मेंदूला वाटतं की बर्फ ठेवला.

तर आपल्याला लागतं खाण्याचं पेपरमिंट तेल. बाटलीवर ते खाण्यासाठी आहे असं स्पष्ट छापलेलं हवं आणि त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हवा. औषधाच्या दुकानात किंवा सुगंधी वस्तूंच्या दुकानात मिळणारं, लावायचं किंवा हुंगायचं तेल अजिबात वापरायचं नाही. वास तोच येतो म्हणून फसायला होतं. अमृतधारेसाठी आपण पुदिन्याचं फूल आणतो, ते खडेही इथे नकोत. ते इतके तीव्र असतात की आपल्या घरगुती काट्यावर मोजताच येत नाहीत. एखाद्या वडीत जास्त गेलं तर खाणाऱ्याची जीभ चुरचुरते.

केकमध्ये घालतो ते नेहमीचं इसेन्सही इथे बिघडवतं, कारण ते बहुतेक वेळा पाण्यात किंवा तशाच पातळ द्रवात कालवलेलं असतं. दुकानात "चॉकलेटसाठीचा, तेलातला फ्लेवर" असं सांगून मागा. रंगाचंही तसंच. केकवर वापरतो तो पातळ हिरवा रंग कंपाऊंडमध्ये टाकला की ते आळतं. तेलात मिसळणारा वेगळा रंग मिळतो, पण माझं मत विचाराल तर रंग घालूच नका. दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढरा थर छान उठून दिसतो. रंगाचा खर्च वाचतो, लेबलवर त्याचं नाव लिहावं लागत नाही, आणि लहान मुलांच्या आया रंग नसलेला माल आधी उचलतात.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगते. अगदी तान्ह्या आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांना तीव्र पुदिन्याचे पदार्थ द्यायचे नसतात. विकताना एवढं तोंडी सांगायला काही पैसे पडत नाहीत.

पाण्याचा एक थेंब

सगळ्यात जास्त माल कशानं वाया जातो? पाण्यानं. कंपाऊंड म्हणजे तेलात बसलेली साखरेची, कोकोची आणि दूध पावडरीची अगदी बारीक पूड. त्यात पाण्याचा थेंब पडला की ती पूड त्या पाण्याला चिकटून गोळा होते. बघता बघता सगळं पातेलं घट्ट, रवाळ होतं, हलवताही येत नाही. पिठाच्या परातीत पाण्याचा शिंतोडा पडल्यावर गुठळी होते ना, तसं. मग त्यात तूप घाला, तेल घाला, पहिल्यासारखी वडी होत नाही. असं झालंच तर ते टाकून देऊ नका. त्यात गरम दूध थोडं थोडं घालून पातळ करा आणि घरच्या मुलांना द्या. विक्रीतून मात्र ते गेलं.

आणि पाणी येतं कुठून? पातेलं धुऊन नीट पुसलेलं नसतं. लाकडी चमच्यानं आतमध्ये ओल धरलेली असते. खालच्या भांड्यातली वाफ वर येते. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे आपल्या बांगड्या. हात धुतले, हात पुसले, पण बांगड्यांत थेंब अडकलेला असतो आणि ढवळताना तो बरोबर पातेल्यात पडतो. काम सुरू करायच्या आधी बांगड्या वर सरकवून मनगटं पुसा. स्टीलचा किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा. आणि एक सुती फडकं फक्त ह्याच कामाला ठेवा.

आता कृती

आठ इंची चौकोनी ट्रेचं माप देते. ४०० ग्रॅम डार्क कंपाऊंड, २०० ग्रॅम व्हाईट कंपाऊंड, पेपरमिंट तेल ४ ते ८ थेंब, आणि बटर पेपर. एवढंच. साखर नको, दूध नको, पाक नको. वडी थापताना ताटाला तूप लावायची आपली सवय असते, ती इथे सोडा. तूप लावलं तर खालचा थर मऊ आणि डागाळलेला निघतो. बटर पेपर दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर राहील असा अंथरा, म्हणजे नंतर तोच धरून सगळी वडी उचलता येते.

डार्कचे निम्मे, म्हणजे २०० ग्रॅम, बारीक तुकडे करा. मोठे तुकडे ठेवले तर बाहेरचं जास्त तापतं आणि आत गाठ राहते. एका पातेल्यात दोन बोटं पाणी घेऊन चांगली वाफ येऊ द्या. आणि गॅस बंद करा. हो, बंद. आता त्यावर असं भांडं ठेवा जे पातेल्याच्या तोंडावर घट्ट बसेल आणि ज्याचा तळ पाण्याला लागणार नाही. त्यात तुकडे टाका. पाच मिनिटं हात लावू नका, मग हळूहळू ढवळा. आपल्याकडे खालून गॅस चालू ठेवायची सवय आहे आणि तिथेच माल करपतो. करपलेलं कंपाऊंड काळं पडत नाही, ते जाडसर आणि रवाळ होतं, आणि बायका म्हणतात की पाटीच खराब होती.

भांडं उतरवताना त्याचा तळ लगेच पुसून घ्या, नाहीतर ओतताना तळाचं पाणी ट्रेमध्ये ओघळतं. ट्रेमध्ये ओता, चमच्याच्या पाठीनं सारखं करा, ट्रे ओट्यावर दोन-तीनदा हलका आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतील.

आता थांबायचं. सगळी कला ह्या थांबण्यात आहे. थंडीच्या दिवसांत ओट्यावर दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर फ्रीजमध्ये पाचेक मिनिटं. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. वरची ओली चकाकी जाते. बोट हळूच टेकवलं तर बोटाला काही लागत नाही, पण जरा दाबलं तर ठसा उमटतो. ही वेळ दुसऱ्या थराची. त्याआधी ओतलं तर पांढरं काळ्यात मिसळतं आणि नागमोडी रेघा होतात. आणि खालचा थर अगदी दगड होईपर्यंत थांबलात तर तो वरच्या थराला धरत नाही. मग वडी कापताना थर पापडासारखे सुटे होतात. गिऱ्हाइकाच्या हातात तीन वेगळे तुकडे येतात, आणि हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते.

व्हाईट कंपाऊंड जास्त नाजूक असतं, त्यात दुधाची पावडर जास्त असते. पाणी थोडं निवू द्या आणि मग त्यावर ते वितळवा. वितळलं की खाली उतरवून पेपरमिंट तेलाचे चार थेंब घाला, ढवळा, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखा. चाखलेला चमचा परत आत घालायचा नाही, हे सांगायला नको. कमी वाटलं तर एकेक थेंब वाढवा. गरम असताना चव उग्र लागते आणि घट्ट झाल्यावर वर-खाली डार्क येणार, त्यामुळे कोमट असताना "थोडं जास्त झालं" असं वाटलं तर ते साधारण बरोबर असतं. ओतायच्या आधी खालच्या ओठाला थेंब लावून बघा. कोमट लागलं तर ओता. चटका लागला तर थांबा, नाहीतर खालचा थर वितळेल.

तिसरा थर उरलेल्या २०० ग्रॅम डार्कचा, पहिल्यासारखाच. तो ओतल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. कापायची वेळही वडीसारखीच असते, पार कडक व्हायच्या आधी. सुरी गरम पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, मग दाबून सरळ खाली कापायचं, ओढायचं नाही. सुरी ओढली की काळा रंग पांढऱ्या थरावर पसरतो. एक-एक इंचाचे चौकोन पाडले तर आठ गुणिले आठ, ६४ वड्या होतात. एक वडी साधारण ९ ग्रॅमची. कडेच्या वड्या वाकड्यातिकड्या निघाल्या तर त्या चवीला वाटायला ठेवा.

कुणी विचारेल, फ्रीज नसेल तर? थंडीत फ्रीजशिवाय आरामात होतं. फ्रीज असेल तर मात्र वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चॉकलेट वास फार पटकन ओढून घेतं. लसणाची चटणी आणि सुकट ज्या फ्रीजमध्ये आहे, त्यात उघडी ठेवलेली वडी दुसऱ्या दिवशी कशी लागते ते तुम्हीच ओळखा. आणि फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. उघडला की बाहेरच्या हवेतली ओल वडीवर घाम बनून बसते, त्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट खरखरीत डाग पडतात. गिऱ्हाइकाला वाटतं बुरशी आली. डबा बंदच ठेवून बाहेर तासभर राहू द्या, मग उघडा.

केव्हा करायची, केव्हा नाही

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खरं चॉकलेट तोंडात टाकताच विरघळतं. कंपाऊंड थोडा जास्त दम धरतं, पण तिशी पार झाली की तेही हाताला लागायला लागतं. आता आपल्याकडचा मे महिना आठवा.

एका गटाला वैशाखातल्या लग्नाची ऑर्डर आली होती. आठ-आठ वड्यांचे ३०० बॉक्स, पाहुण्यांना निघताना द्यायला. ॲडव्हान्स द्यायलाही पार्टी तयार. बैठकीत सगळ्यांचे चेहरे फुलले. मग आम्ही कागद घेऊन बसलो. ३०० बॉक्स म्हणजे २४०० वड्या, म्हणजे जवळपास ३८ ट्रे. रोज चार ट्रे धरले तरी साडेनऊ दिवस. तेवढे दिवस तयार माल ठेवायचा कुठे? गटात तीन जणींकडे घरचे फ्रीज, त्यात घरचं दूध-भाजी आहेच. दुपारी लाईट जाते ती वेगळी. हे सगळं जमवलं तरी लग्न मांडवातलं, दुपारचं. गटातल्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "मांडवात वाटीतलं तूप पातळ होतं बाई, हे काय टिकणार?" त्यावर चर्चाच संपली. गटानं पार्टीला सरळ सांगितलं की उन्हाळ्यात हा माल आम्ही देत नाही, शेंगदाण्याची चिक्की देतो. पार्टी जरा नाराज झाली, पण चिक्की घेतली. ॲडव्हान्स घेऊन नंतर वितळलेल्या बॉक्सचे पैसे परत करायची पाळी आली असती तर गटाची वर्षाची बचत त्यात गेली असती.

म्हणून ह्या वडीचा हंगाम म्हणजे दिवाळी ते साधारण माघ. त्यातही आपल्यासाठी सगळ्यात चांगला काळ संक्रांत ते रथसप्तमी, हळदीकुंकवाचा. हवा कोरडी आणि गार असते, घरोघरी वाण लुटतात, आणि दरवर्षी तोच प्लास्टिकचा डबा नाहीतर आरसा-कंगवा देऊन बायका कंटाळलेल्या असतात. दोन वड्यांची छोटी पुडी आणि सोबत तिळगूळ, असं वाण शाळेच्या बाईंना, नोकरदार बायकांना आवडेल असं मला वाटतं. राखीला मागणी येते खरी, पण श्रावणात हवा दमट असते आणि पॅकिंग करतानाच वडीला घाम येतो. त्या वेळी जेवढी मागणी आहे तेवढंच, आदल्या दिवशी करून, हातोहात द्यायचं.

हिशेब

आता मुद्द्याचं. खालचे भाव मी हिशेब समजावा म्हणून धरलेत. कोकोचे भाव फार वर-खाली होतात, त्यामुळे तुम्ही तुमच्या दुकानातला त्या दिवशीचा भाव घालून परत मांडा.

एका ट्रेला, म्हणजे आठ वड्यांच्या आठ बॉक्सना:
डार्क ४०० ग्रॅम, ३०० रुपये किलोनं, १२० रुपये.
व्हाईट २०० ग्रॅम, ३२० रुपये किलोनं, ६४ रुपये.
पेपरमिंट तेल ५, गॅस ५.
वड्यांचे चकचकीत कागद, ६४ नग, ५० पैशांनी ३२.
बॉक्स आठ, ८ रुपयांनी ६४. लेबलं ८.
आणायचं-पोचवायचं भाडं १५.
एकूण ३१३ रुपये.

म्हणजे बॉक्स ३९ रुपयांना पडला. ८० ला विकला तर ४१ रुपये सुटले. इथपर्यंत हिशेब सगळ्या गटांना येतो आणि इथेच सगळे खुश होतात.

पण तुकडे करण्यापासून शेवटचा बॉक्स बंद करेपर्यंत एका बाईचे अडीच तास जातात. तासाला ६० रुपये धरा, १५० रुपये. हे पैसे कुणीच धरत नाही. "ते काय, घरचंच काम" असं म्हणतात. तुम्ही तेच अडीच तास शेतात खुरपणीला गेलात तर रोजाचे पैसे मागता की नाही? मग इथे का नाही? १५० भागिले आठ, बॉक्समागे १९ रुपये तुमची मजुरी. तुटफूट, वाकड्या वड्या, चवीला दिलेल्या, त्याचे ३ रुपये. आणि दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदार २० टक्के घेणार, म्हणजे १६ रुपये. ४१ मधून १९, ३ आणि १६ गेले. उरले ३ रुपये.

हे तीन रुपये म्हणजे नफा. बाकीची तुमची मजुरी होती, ती तुम्हाला नफा वाटत होती.

घाबरवायला सांगत नाही. ह्यातून मार्ग दिसावा म्हणून सांगते. एकदम चार ट्रे लावले तर एक ट्रे घट्ट होत असताना दुसरा ओतता येतो, आणि दहा तासांचं काम पाच तासांत होतं. मजुरी बॉक्समागे ९-१० रुपयांवर येते. तेच बॉक्स हळदीकुंकवाच्या ऑर्डरीवर थेट दिले तर दुकानदाराचे १६ वाचतात. आणि बॉक्सचा खर्च बघा, ८ रुपये; आतल्या काळ्या-पांढऱ्या मालाच्या एक तृतीयांशाहून जास्त. वाणाला बॉक्स लागतच नाही, दोन वड्या कागदी पुडीत बसतात. बचत करायची तर ती पॅकिंगमध्ये शोधा, मालात नाही. मालात शोधली की हलकी पाटी येते आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येत नाही.

नंबर आणि लेबल

विकायचं ठरवलं तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी घ्यावीच लागते. लहान उद्योगासाठीची साधी नोंदणी आहे, सरकारी फी वर्षाला १०० रुपये. अर्ज ऑनलाईन असतो, आधार आणि फोटो लागतो. कुणी एजंट हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, आधी संघाच्या कार्यालयात या. ज्या गटांनी पापड-लोणच्यासाठी नंबर आधीच घेतलाय त्यांनी चॉकलेट-मिठाईचा प्रकार त्यात घालून घ्यावा.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), निव्वळ वजन, किंमत, गटाचं नाव-पत्ता, नोंदणी नंबर, बॅच, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं ती तारीख, आणि शाकाहारीचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. कंपाऊंडच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, ते तसेच उतरवा. त्यात दूध आणि बहुधा सोया असतं. काही लोकांना त्याची ॲलर्जी असते, म्हणून ते वेगळं लिहायचं. "शुद्ध चॉकलेट" असं लिहू नका. ते शुद्ध चॉकलेट नाही, आणि तपासणीत तोच शब्द महागात पडतो.

कर्जाचं काय

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. त्यात अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोटी साधनं यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल, आणि मोठ्या यंत्रांसाठी बँकेच्या कर्जावर ३५ टक्के अनुदान अशी तरतूद आहे. अर्जाआधी आपल्या जिल्हा संसाधन व्यक्तीकडून सध्याच्या अटी आणि मुदत विचारून घ्या.

पण ह्या वडीसाठी लगेच कर्ज काढायला मी तुम्हाला सांगणार नाही. जो माल वर्षातले चार महिनेच विकता येतो, त्याचा हप्ता बारा महिने भरावा लागतो. चॉकलेट वितळवायचं यंत्र, चिलर असं काही दाखवायला विक्रेते येतील. पातेल्यावर भांडं ठेवून जे होतं त्याला यंत्र नको. पहिला हंगाम गटाच्या बचतीतून चार ट्रेनं सुरू करा. वरच्या हिशेबानं माल आणि पॅकिंगचे साडेबाराशे रुपये, शिवाय ट्रे आणि एक डिजिटल काटा. चार ट्रेमधल्या २५६ वड्या कुणी घेतल्या, कुणी परत मागितल्या, किती परत आल्या, हे वहीत लिहा. ज्यांची चिक्की, पापड, मसाले आधीच चालतात त्यांनी बीज भांडवल त्या बारमाही मालासाठी मागावं आणि वडी हंगामाची जोड म्हणून ठेवावी. एखाद्या गटाचं म्हणणं वेगळं असेल तर बैठकीत मांडा, आकडे घेऊन या.

प्रात्यक्षिक पुढच्या महिन्याच्या मासिक बैठकीनंतर संघाच्या हॉलमध्ये ठेवलंय. एका गटातून दोघीच याव्यात, जागा कमी आहे. कंपाऊंड आणि तेल संघ आणणार. तुम्ही येताना एक कोरडं सुती फडकं, एकावर एक घट्ट बसणारी दोन भांडी आणि तुमच्या गावातल्या दुकानातला कंपाऊंडचा भाव लिहून आणा. हिशेब त्याच भावावर तिथेच परत मांडू.

– क्षेत्र समन्वयक